रस्त्यालगतचं कुरण

हाय गिल
मंगळवार, १८ ऑक्टोबर १९५५

प्रिय थर्झा,

पत्र फोडलंत, हेच खूप झालं. माझं अक्षर ओळखून तुम्ही ते सेलिनाच्या बोर्डिंग हाऊसच्या शेगडीत टाकाल, असंच मला वाटत होतं. एनॉकला यातलं काही ठाऊक नाही. तो बाजाराला गेलाय, आणि तो परत यायच्या आत मला हे टपालात टाकायचंय.

गाई बसताहेत. विताना सगळं नीट होतं. वासरू पडतं, वार पडते, गाय वासराला चाटूनपुसून काढते, आणि दुसऱ्या दिवशी तिचे पाय लटपटायला लागतात. कान गार पडतात. मग बसते ती बसतेच. आतापर्यंत पाच व्याल्या, त्यातल्या तिघी बसल्या. डॉक्टर येऊन मानेच्या शिरेत औषधाची बाटली सोडतात, तेव्हा ढेकर देऊन उठतात. प्रिमरोजला तर दोनदा उठवावं लागलं. डॉक्टर म्हणतात दुग्धज्वर आहे, पण तो यंदाच एवढा का, ते त्यांनाही सांगता येत नाही. अजून नऊ गाई व्यायच्या आहेत.

एनॉकने काही कमी केलेलं नाही. जुलैत पेंडीच्या कंपनीचा माणूस आला होता. तो म्हणाला, आटलेल्या गाईला व्यायच्या आधी दोन महिने भरपूर खाऊ घाला, दर आठवड्याला पेंड वाढवत न्या, म्हणजे दुधाला फुटते. तसंच केलं. कापणीनंतर फुटलेलं लुसलुशीत गवत, वर पेंड, वर खडूची पूड, कारण दुधाला चुना लागतो. गाई अशा तुकतुकीत झाल्या होत्या की बाजाराला जाणारे लोक थांबून बघायचे.

शेजारच्या कॅल्व्हर्टबाई म्हणतात, तुमच्या वेळी असं होत नव्हतं. गेल्या वर्षी झालं नाही ते मला ठाऊकच आहे, पण तेव्हा सप्टेंबरपर्यंत तुम्हीच बघत होता. आटल्यावर तुम्ही त्यांना काय घालत होता? एवढंच सांगा.

तुमची,
विनिफ्रेड


मोरकॅम्ब
२२ ऑक्टोबर १९५५

विनिफ्रेड,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. एकदा सकाळच्या चहाबरोबर, दुसऱ्यांदा पाहुण्यांची अंडी उकडत होती तेव्हा, आणि तिसऱ्यांदा नुसतं मजा म्हणून. तिघी बसल्या! एवढी चांगली बातमी मला वर्षभरात कुणी दिली नव्हती.

मी काय घालत होते, ते तुझ्या नवऱ्याला विचार. त्याला सगळं माहीत आहे. गेल्या वर्षी हॉज गावच्या बाजारात, लिलावाच्या रिंगणापाशी, साठ माणसांसमोर तो सांगत होता की. लिलाववाल्याने सहज विचारलं, "काय एनॉक, बापाच्या गाई एवढ्या हाडकल्या कशानं?" आणि बारा वर्षं डार्लिंग्टनच्या रेल्वे कारखान्यात काढून, बाप गेल्यावर घरी उगवलेल्या माझ्या भावाने माझ्याकडे बोट दाखवलं. "हिला विचारा. मुक्या जनावराच्या तोंडचा घास काढून घेते ही. उपाशी मारते." मी लोण्याची टोपली घेऊन चार हातांवर उभी होते. सव्वीस वर्षं त्या गाईंचं हागणंमुतणं काढलं मी, विनिफ्रेड. त्या साठांतल्या एकानेही तोंड उघडलं नाही.

आणि आता कॅल्व्हर्टबाईला माझी आठवण येते होय! दरवर्षी पहिली गाय व्याली की मी तिला डबाभर चीक पाठवायची. ती आपल्याकडच्या रीतीने डबा न धुता परत करायची, गाईचं दूध आटू नये म्हणून. त्या सप्टेंबरात तिने डबा कढत पाण्याने घासून, पुसून, लख्ख करून आमच्या दाराशी ठेवला. तो डबा बघून मी ट्रंक भरायला घेतली.

तुझ्या नवऱ्याने ती ट्रंक दुधाच्या लॉरीत फेकली. पण मी आणखी एक गोष्ट घेऊन निघाले होते, ती फेकायला त्याच्या हाती लागली नाही. तीच तू आता मागतेस. मी सांगणार नाही. बसू देत गाई.

थर्झा इव्हसन


हाय गिल
३१ ऑक्टोबर १९५५

प्रिय थर्झा,

लिनेट गेली.

तिला बाटलीची वेळसुद्धा मिळाली नाही. संध्याकाळी व्याली तेव्हा ठीक होती. सकाळी मी गोठ्याचं दार उघडलं तर तिने मान वळवून कुशीत घातली होती, आणि वासरू तिच्या गार कासेला ढुशा देत होतं. कालवड आहे. तिला मी प्रिमरोजच्या दुधावर ठेवलंय.

एनॉकने सांगितलं की लिनेटची आई मेली तेव्हा तुम्ही हिला स्वयंपाकघरात बाटलीने वाढवलं होतं. सांगताना तो रडला. मग गंजीमागे जाऊन बराच वेळ उभा राहिला.

पण मंगळवारी बाजारात लोकांनी विचारलं, "हाय गिलला झालंय तरी काय?" तर तो म्हणाला, "बायको शहरातली पडली. तिच्या हाताला गुण नाही." मी अंड्यांची टोपली घेऊन शेजारीच उभी होते. थर्झा, पेंड त्याने मोजून दिली, खडूची पूड त्याने मोजून दिली, मी नुसती गव्हाणीत ओतली. लोक माझ्याकडे बघून हसले. मीही हसले, कारण दुसरं काय करायचं ते सुचलं नाही.

तुमच्या जागी मीही चिडले असते. काय हवं ते मागा, पण सांगा. अजून सहा राहिल्यात.

विनिफ्रेड


मोरकॅम्ब
३ नोव्हेंबर १९५५

विनिफ्रेड,

लिनेटचं वाचलं आणि पाहुण्यांची खीर करपली. सेलिना ओरडली, ओरडू दे. ती गाय माझ्या एप्रनची टोकं चघळत मोठी झाली होती. तिला त्याने मारलं. पेंड घालून मारलं, कौतुक करत मारलं, आणि मला म्हणे मी उपाशी मारते!

मागा म्हणतेस, तर मागते. नीट ऐक. ज्या जागी तो बोलला त्याच जागी, मंगळवारी, बाजार भरलेला असताना त्याने उभं राहायचं. आणि म्हणायचं: माझी बहीण गाईंना उपाशी ठेवत नव्हती, मी खोटं बोललो. बस. मला घर नको, वाटा नको, तुमच्या टेबलावर जागा नको. माझं नाव हवं. इथल्या चॅपलमध्ये मी शेवटच्या बाकावर बसते, विनिफ्रेड, कारण हॉजकडचं कुणी समुद्रावर हवापालटाला आलं असेल आणि मला ओळखेल, अशी मला दर रविवारी धास्ती असते. पंचावन्न वर्षांची बाई मी, आणि चोरासारखी प्रार्थना करते.

तो ज्या दिवशी बोलेल त्या दिवशी मी सगळं लिहून पाठवीन. तोवर एक अक्षर नाही.

तुझ्याबद्दल तो बाजारात जे बोलला ते वाचून मला आश्चर्य वाटलं नाही. लाज आली की ती लगेच दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवायची, ही त्याची लहानपणापासूनची खोड. जवळ बाई असली की फारच सोपं.

थर्झा


हाय गिल
१२ नोव्हेंबर १९५५

प्रिय थर्झा,

मी त्याला तुमचं पत्र दाखवलं. चूक झाली. त्याने ते पुरतं वाचलं आणि चुलीत घातलं. म्हणाला, "सगळा गोठा पुरेन, पण त्या रिंगणापाशी उभा राहायचा नाही. तिला सांग, मोरकॅम्बात बसून वाट बघ म्हणावं."

आणखी दोघी बसल्या. एक उठली. एक उठली नाही, ती खाटकाने नेली.

यापुढे काही लिहायचं झालं तर घरी नको. हॉजच्या पोस्टात माझ्या नावाने ठेवायला सांगितलंय.

विनिफ्रेड


मोरकॅम्ब
८ जुलै १९५६

विनिफ्रेड,

आठ महिने झाले. तू लिहिलं नाहीस, मीही नाही. पण जुलै आला आणि माझ्या मनात गाई आटवायची घाई सुरू झाली. इथे समुद्राकाठी, अंडी उकडताना! गाईंनी माझं काही वाकडं केलेलं नाही. म्हणून लिहिते. अट मागे घेतली असं समज.

व्यायच्या दोन महिने आधी दूध तोड. आधी दिवसाआड काढ, मग बंद. त्याच दिवशी पेंडही बंद, एक मूठसुद्धा नाही, कितीही हंबरू देत. हिरव्या लुसलुशीत गवताच्या वाऱ्याला उभं करायचं नाही. निकस कुरण, आणि वर ओटचा पेंढा किंवा उशिरा कापलेलं जाड गवत. पोट भरू दे, अंग भरायला नको. लांबून बरगड्या मोजता आल्या पाहिजेत. कुणाचं माकडहाड फार वर आलं तर तेवढीला ओंजळभर ओट दे.

खडूची पूड गटारात टाक. आधी चुना चारलेली गाय व्याल्यावर बसते. का, ते विचारू नकोस, मला माहीत नाही. आईने सांगितलं आणि मी सव्वीस वर्षं डोळ्यांनी बघितलं. त्या सव्वीस वर्षांत माझ्या तीन बसल्या, तिन्ही उठल्या.

व्यायला दहा दिवस राहिले की पेंड मूठमूठ सुरू कर, म्हणजे पुढे एकदम पोटाला जड जाणार नाही. व्याली की बादलीभर कोमट पाण्यात ओटचं पीठ कालवून पाज. चुना द्यायचा तो तेव्हा. आणि पहिले दोन दिवस कास पिळून रिकामी करू नकोस, वासरापुरतं आणि वर थोडं, एवढंच काढ. लोक हावरटासारखे तांब्यावर तांब्या चीक काढतात आणि मग गाय बसली म्हणून रडतात.

गाई रस्त्यालगतच्या कुरणात ठेवायच्या. दुसरीकडे चालणार नाही. बाजाराचा रस्ता तिथून जातो ते मला ठाऊक आहे. आता तर म्हणे उन्हाळ्यात सहलीच्या बसही जातात.

एनॉकला काय सांगायचं ते तू बघ. डॉक्टरांचा सल्ला म्हण.

थर्झा


हाय गिल
११ सप्टेंबर १९५६

प्रिय थर्झा,

सगळं तुम्ही सांगितलं तसंच केलंय. पाच आठवडे झाले. बारा गाई, बाराही हाडकुळ्या. बाजारचा दिवस आला की मी खिडकीतून बघते. गाड्या कुरणापाशी सावकाश होतात. माणसं मान वळवतात, एकमेकांशी काहीतरी बोलतात, मग वेग घेतात.

गेल्या मंगळवारी फाटकाला कुणीतरी गवताचा भारा बांधून ठेवला होता. वर चिठ्ठी: "परवडत नसेल तर मागून घ्या." एनॉकने भारा भिंतीवरून भिरकावला आणि घरात येऊन माझ्यावर खेकसला. "डॉक्टरांनी सांगितलं म्हणे! कुठल्या डॉक्टरांनी? ही थर्झाची पोसणूक आहे. मला आंधळा समजतेस?"

मी म्हटलं, "हो, थर्झाचीच आहे."

"मग आत्ताच्या आत्ता गाई खाली गवतात आण."

"तू आण. आण आणि बसव. या वेळी खाटकाला निरोपही तूच दे."

तो फाटकापर्यंत गेला. फाटकावर हात ठेवून बराच वेळ गाईंकडे बघत राहिला आणि तसाच परत आला. लिनेटची कालवड कुंपणाशी आली होती, तिच्यामुळे असेल.

पण प्रकरण तेवढ्यावर थांबलं नाही. सहलीच्या बसमधल्या कुणा बाईंनी तक्रार केली. मुक्या जनावरांना जपणाऱ्या संस्थेचा माणूस आला, सायकलवरून, वही घेऊन. गाई बघितल्या, दात बघितले, गव्हाण बघितली. म्हणाला, "पाच आठवड्यांनी पुन्हा येईन. तेव्हा बघू काय लिहायचं ते." एनॉकचा चेहरा राखेसारखा झाला होता. आता तो बाजारात जातो तेव्हा कोपऱ्यात उभा राहतो, आणि काम झालं की लगेच निघतो.

विनिफ्रेड


मोरकॅम्ब
१५ सप्टेंबर १९५६

विनिफ्रेड,

एवढ्याने माझं भागत नाही. सविस्तर लिही. भारा कुणी ठेवला? चिठ्ठीचं अक्षर कुणाचं वाटतं? कॅल्व्हर्टबाई काही बोलली का? लिलाववाल्याने त्याला विचारलं का? चॅपलमध्ये त्याच्या बाकावर कुणी बसतं की जागा मोकळी राहते? जेवतो का?

दया येईल असं वाटलं होतं मला. थोडी वाट बघितली. नाही आली.

मी त्या कोपऱ्यात उभी राहिलेय, विनिफ्रेड. पाठीमागे लोक कुजबुजतात तेव्हा मान कशी ताठरते ते मला माहीत आहे. आता त्यालाही कळू दे. फक्त गाईंना हलवू देऊ नकोस, मग काय वाटेल ते होवो.

थर्झा


हाय गिल
१७ ऑक्टोबर १९५६

प्रिय थर्झा,

एकही बसली नाही. दहा व्याल्या, दहाही उभ्या. दूध चढतंय, वार वेळेवर पडली, डॉक्टर नुसते चहा पिऊन गेले. ते म्हणाले की अमेरिकेत कुणीतरी आता हेच शोधून काढलंय. आधी आयता चुना मिळाला की गाईचं अंग हाडांतला चुना काढायला विसरतं, आणि व्याल्यावर तो एकदम लागतो तेव्हा तिच्यापाशी काही नसतं. तुमच्या आईला हे कसं कळलं असेल, असं ते दोनदा म्हणाले.

आणि आता कालचं सांगते. काल मंगळवार. वहीवाला माणूस आधी घरी गेला असणार, कारण तो आम्हाला शोधत थेट बाजारात आला. रिंगणापाशी गर्दी होती. त्याने सगळ्यांसमोर विचारलं, "मिस्टर इव्हसन, तुमच्या दुभत्या गाई मी आत्ता बघून आलो, झकास आहेत. मग त्या पाच आठवड्यांपूर्वी तशा का ठेवल्या होत्या? कुणाच्या सांगण्यावरून?"

एनॉकने तोंड उघडलं आणि माझ्याकडे बघितलं. थर्झा, त्याच्या ओठांवर 'बायको' हा शब्द आलेला मला दिसला.

मी मोठ्याने म्हटलं, "माझ्याकडे बघू नकोस एनॉक. माझ्या हाताला गुण नाही. तू गेल्या वर्षी इथेच सांगितलंस."

लोक हसले, पण या वेळी माझ्याकडे बघून नाही. एनॉक टोपी हातात घेऊन चाळवत राहिला. शेवटी म्हणाला, "ही माझ्या बहिणीची पद्धत आहे."

"कुठल्या बहिणीची?" वहीवाला लिहीत होता.

"मला एकच आहे. थर्झा."

तेव्हा लिलाववाला वरून वाकून म्हणाला, "गाई उपाशी मारते म्हणून तू जिला घालवून दिलंस, तीच ना?"

"तीच."

"म्हणजे मारत नव्हती?"

एनॉक म्हणाला, "नव्हती. गाई वाचवत होती ती. मीच खोटं बोललो." वहीवाल्याने विचारलं, "नाव पूर्ण सांगा." त्याला तुमचं नाव पूर्ण सांगावं लागलं, आणि ते सगळ्यांनी ऐकलं. आता तो म्हणतो, तुम्ही परत या. वरची खोली तशीच आहे.

मला आणखी एक सांगायचंय, आणि ते आधी सांगायला हवं होतं. गाई उपाशी दिसतात, हे पहिल्यांदा मी म्हटलं होतं. लग्नानंतर पहिल्यांदाच अशी जनावरं जवळून बघत होते. जेवताना म्हटलं, "बिचाऱ्यांना कुणी खायला देत नाही का?" दुसऱ्या मंगळवारी त्याने तेच बाजारात म्हटलं. दोन वर्षं मी हे गिळून बसलेय.

विनिफ्रेड


मोरकॅम्ब
२० ऑक्टोबर १९५६

विनिफ्रेड,

पत्र वाचलं, एप्रन काढलं, आणि समुद्राच्या कट्ट्यावर जाऊन वेड्यासारखी हसत बसले. नंतर रडले. उद्या रविवार, उद्या मी चॅपलमध्ये पुढच्या बाकावर बसणार आहे. हॉजकडचं कुणी असलंच तर मुद्दाम बोलायला जाईन.

तू सांगितलंस त्याचा राग आला. अजून आहे. पण तू जेवताना गाईंची कीव केलीस, त्याने ती उचलून बाजारात माझ्या अंगावर फेकली. दोन्हींत फरक आहे, एवढं मला कळतं. तरी तुला अगदी मोकळी सोडत नाही. तुला एक काम करायचंय.

त्याला टेबलाशी बसव आणि हे वाचून दाखव. टेकडीमागचं आपलं कुरण रस्त्यालगतच्या कुरणाइतकंच निकस आहे. तिथेही पाणी आहे. गाई तिथे ठेवल्या असत्या तर एकही बसली नसती आणि एकाही माणसाच्या नजरेला पडली नसती. मी माझ्या वेळी रस्त्यालगत ठेवायची, कारण ते गोठ्यापासून जवळ, आणि लोकांपासून लपवण्यासारखं माझ्याकडे काही आहे असं मला कधी वाटलंच नव्हतं. या वेळी मात्र मी रस्ता मुद्दाम निवडला. भारा, चिठ्ठी, वही, सगळं त्याला दिसावं म्हणून. गाईंसाठी त्याची काही गरज नव्हती.

वाचताना त्याच्या तोंडाकडे बघ आणि कसं झालं ते मला कळव. तेवढंच मला अजून हवंय.

मी परत येणार नाही. त्याने खरं सांगितलं ते स्वतःची कातडी वाचवायला. त्यासाठी वरच्या खोलीत राहायला यावं एवढी मी स्वस्त नाही. लिनेटच्या कालवडीला मात्र पुढल्या वर्षी मी लिहिलंय तसंच ठेव.

थर्झा


हाय गिल
२५ ऑक्टोबर १९५६

प्रिय थर्झा,

वाचून दाखवलं नाही. दाखवणारही नाही.

टेकडीमागच्या कुरणाचं मला ऑगस्टमध्येच कळलं होतं. डॉक्टर गाई बघायला आले होते, ते म्हणाले, "पद्धत बरोबर आहे, पण एवढ्या लोकांच्या नजरेसमोर कशाला? तुमचं मागचं कुरणही असंच निकस आहे की." एनॉक तेव्हा गोठ्यात होता. मी म्हटलं, "तिथली भिंत ढासळलीय, डॉक्टर. गाई बाहेर जातील." एनॉकलाही संध्याकाळी तेच सांगितलं. भिंत धडधाकट आहे. मी जाऊन दगडन्‌दगड बघून आले होते. तुम्ही तेच कुरण का सांगितलंत ते तेव्हाच ओळखलं, आणि तुम्हाला काही लिहिलं नाही. अंड्यांची टोपली हातात धरून मी हसले होते, तो मंगळवार माझ्याही लक्षात होता.

आता तुमची ही ओळ त्याला वाचून दाखवली तर काय होईल? त्याचा एक दिवस वाईट जाईल. दोन जातील. आणि पुढल्या ऑगस्टला तो स्वतः गाई टेकडीमागे नेऊन ठेवील. कुणाला दिसणार नाहीत, कुणी विचारणार नाही, त्याला कुणाला काही सांगावं लागणार नाही. दोन-तीन वर्षांत ही पद्धत त्याचीच होईल. तुमचं नावही कुणाला आठवणार नाही.

तसं मी होऊ देणार नाही. गाई दरवर्षी रस्त्यालगतच जातील. दरवर्षी बस थांबेल, कुणीतरी बाई खाली उतरून फाटकाशी त्याच्यावर ओरडेल, आणि दरवर्षी त्याला टोपी काढून सांगावं लागेल की ही माझ्या बहिणीची पद्धत, तिचं नाव थर्झा इव्हसन, मी तिच्याबद्दल खोटं बोललो होतो. काल कुरणातल्या उरलेल्या दोन गाई बघून थांबलेल्या एका मेंढ्यांच्या व्यापाऱ्याला त्याने बाजारानंतर पहिल्यांदा सांगितलं. मी कपडे वाळत घालत होते, सगळं ऐकलं.

तुमचं पत्र मी चुलीत घातलं. त्याच्या तोंडाकडे एकदा बघून तुमचं भागणार होतं, थर्झा. माझं नाही भागत.

तुमची,
विनिफ्रेड